दुपारच्या प्रयोगाचा शेवट

"आत येऊ का? दोनच मिनिटं."

मध्यंतराचा चहा मी नुकताच ओठाला लावला होता. मेकअपरूमच्या दारात एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, गर्द हिरवं इरकल नेसलेल्या, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेल्या. खरं तर मध्यंतरात प्रेक्षकांना आत सोडत नाहीत. पण आमचे व्यवस्थापक बर्वे तेव्हा बाहेर बटाटेवड्यांच्या गर्दीत होते, आणि इचलकरंजीच्या त्या नाट्यगृहात रविवारी दुपारी दारावर दुसरं कुणी नव्हतं.

सही हवी असेल म्हणून मी पेन शोधायला लागले.

"नको, सही नको," त्या म्हणाल्या. "मी विमल मगदूम. इथलीच आहे. आमचे यंत्रमाग आहेत."

"बसा ना. नाटक आवडतंय का?"

"चांगलं आहे." त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "लोक फार हसतायत. आमचे हे तर फारच. तिसऱ्या रांगेत आहोत आम्ही."

मला एकदम उलगडलं. पहिल्या अंकात विंगेत येऊन सदानंद पेठे माझ्या कानात पुटपुटला होता, "तिसऱ्या रांगेत एक पाहुणा बसलाय बघ. माझं वाक्य संपायच्या आत हसतो. नाटक पाठ आहे त्याला." पेठे नाटकातला माझा नवरा. तीस वर्षं रंगभूमीवर काढलेला माणूस, पण कुणी आधी हसलं की त्याचा ताल चुकायचा आणि तो वैतागायचा.

"त्यांनी आधी पाहिलंय वाटतं?" मी विचारलं.

"दोनदा. एकदा कोल्हापुरात, एकदा मिरजेला. दोन्ही वेळा एकटेच गेले. आज मला घेऊन आले." त्यांनी पर्सचा बंद सरळ केला. "एक विचारायचं होतं. शेवटी ती त्याला माफ करते ना?"

"ते आत्ताच सांगितलं तर मजा जाईल तुमची."

"मला माहीत आहे शेवट. येताना गाडीत सगळा सांगितला त्यांनी. तो पलंगावर पडलेला असतो. ती येते, नुसती बघत राहते, आणि म्हणते, 'अहो, जेवायला काय करू?' आणि लोक टाळ्या वाजवतात. हे म्हणाले, 'बघच तू, ती बाई कशी हसण्यावारी नेते ते.'"

हे सगळं त्यांनी बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा आवाजात सांगितलं. मग म्हणाल्या, "मला शिकवायला आणलंय त्यांनी."

मी कप खाली ठेवला.

"पाच महिने झाले. हे असेच जाऊन आले. तुमच्या नाटकात पन्हाळा आहे, आमच्यात महाबळेश्वर. माझ्या भावजयीच्या बहिणीनं तिथं हॉटेलात बघितलं ह्यांना. मी विचारलं तर म्हणाले, काही झालेलं नाही, विषय वाढवू नको. मी नाही वाढवला. त्यानंतर घरात विषयच नाही, कुठलाच. आणि मग तुमचं हे नाटक आलं."

बाहेर पहिली घंटा झाली.

"शेवट बदला असं सांगायला मी आले नाही," त्या घाईनं म्हणाल्या. "नाटक तुमचं आहे. एवढंच सांगा, ते वाक्य म्हणायच्या आधी तुम्ही त्याच्याकडं बघत उभ्या राहता ना, तेव्हा तुमच्या मनात काय असतं? तेवढं कळलं तर बरं होईल. मलाही जमवायचं आहे."

त्या नाटकाचं नाव होतं 'जरा जाऊन येतो'. विमा कंपनीतला एक्कावन्न वर्षांचा माधवराव ऑफिसच्या प्रशिक्षणाला जातो असं बायकोला सांगून पन्हाळ्याला हॉटेलात खोली घेतो आणि ऑफिसातल्या लीनाला तिथे बोलावतो. ती दुपारी येते, पण संध्याकाळी तिची बॅग उचलायला जाताना त्याची कंबर अशी धरते की त्याला उठता येत नाही, बसता येत नाही. घाबरलेली लीना शेवटी त्याच्या बायकोलाच फोन करते. लोक पोट धरून हसायचे. गावोगावी मागणी होती. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. त्या वयात नाटकात बाईला आई करतात नाहीतर आत्या. मला मात्र ह्या नाटकानं जाहिरातीत नाव दिलं होतं, आणि शेवटच्या त्या वाक्यानं हमखास टाळी.

ते वाक्य आमच्या दिग्दर्शकानं माझ्याकडून घोटून घेतलं होतं. "ज्योत्स्ना, चिडायचं नाही, रडायचं नाही," तो म्हणायचा. "त्याच्याकडे बघ, मनात चारपर्यंत मोज आणि बोल. तीनला बोललीस तर हशा अर्धाच येईल. पाचला बोललीस तर लोक विचार करायला लागतील."

समोरच्या बाई उत्तराची वाट बघत होत्या. 'माया असते हो, इतक्या वर्षांची' असं काहीतरी माझ्या तोंडाशी आलं होतं. पण त्या ज्या तऱ्हेनं बघत होत्या, त्यात खोटं बोलणं जमेना.

"खरं सांगू? मी आकडे मोजते."

"आकडे?"

"चारपर्यंत. म्हणजे हशा बरोबर येतो."

विमलबाईंनी मान हलवली. रागानं नाही. दुकानदारानं तो माल नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी.

"मग ते काही माझ्या कामाचं नाही," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "चहा गार झाला तुमचा. माफ करा हं."

दुसरा अंक नेहमीसारखा चालू झाला. पन्हाळ्याच्या हॉटेलात माझं काम नसतं, म्हणून मी विंगेत उभी राहिले. एरवी मी त्या वेळात विणकाम करायचे. त्या दिवशी हशा ऐकत राहिले. पेठे बॅग उचलायला वाकायच्या आधीच तिसऱ्या रांगेतला तो माणूस हसायचा, आणि मग त्याच्या मागून सगळं थिएटर. पेठेनं विंगेकडे वळून डोळे फिरवले. मला मात्र त्या हसण्याच्या शेजारच्या खुर्चीतलं कुणी हसतंय का, ते ऐकायचं होतं. ते अर्थातच ऐकू येणं शक्य नव्हतं.

शेवटचा प्रवेश आला. घर. पलंगावर पेठे, कमरेखाली शेकायची रबरी पिशवी, गळ्यापर्यंत ओढलेली चादर. मी आत आले. तो चादर नाकापर्यंत ओढतो आणि फक्त डोळे दिसतात, तिथे एक हशा ठरलेला असतो, तो आला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि त्याच्याकडे बघितलं.

एक. दोन.

आणि तिसऱ्या रांगेतून हसू आलं. भरघोस, सुटल्यासारखं, समाधानाचं हसू.

मी अजून काही बोललेच नव्हते. त्या माणसाला माझ्याकडून जे मिळायचं होतं, ते त्यानं मी देण्याच्या आधीच घेऊन टाकलं होतं.

तीन, चार आणि पाचही होऊन गेले. पेठेच्या डोळ्यांत आधी प्रश्न आला, मग भीती. मी वाक्य विसरले असं त्याला वाटलं. त्यानं चादरीतून हलकेच "जेवायला" असं पुटपुटून मला आठवण दिली. मी विसरले नव्हते. ते वाक्य तोंडात तयार होतं आणि बाहेर येत नव्हतं.

मी जाऊन पलंगाच्या कडेवर बसले. हे नाटकात नव्हतं.

"अहो," मी म्हणाले. पेठेचा जीव भांड्यात पडला.

"तिथं काय जेवलात?"

लोक हसले. त्यांना वाटलं, हे असंच आहे. पेठे मुरलेला नट होता, त्यानं क्षणात सावरलं.

"जेवतोय कुठला? कंबर धरली ना!"

पुन्हा हशा.

"कंबर संध्याकाळी धरली. दुपारी काय जेवलात?"

"थाळी," तो म्हणाला. "साधी थाळी."

"आणि तिच्यासाठी काय मागवलंत?"

"तिला विचारलं मी. म्हटलं, तुम्हाला काय आवडतं?"

कुठेतरी मागे बायकांचं हसू फुटलं आणि लगेच विझलं.

"शर्ट कुठला घातला होतात?"

"निळा. तू दिवाळीला आणलेला."

आता कुणी हसलं नाही. खुर्च्यांची कुरकुर थांबली. मला समोर काही दिसत नव्हतं, दिव्यांमुळे कधीच दिसत नाही, पण इतकी माणसं आहेत आणि कुणी हलत नाही, हे अंगाला कळतं.

"माझ्याबद्दल काय सांगितलंत तिला?"

पेठे उठून बसला. त्याची कंबर धरलेली आहे हे तो विसरला, आणि प्रेक्षकही विसरले. त्यानं चादर बाजूला केली आणि नटाच्या नव्हे, निराळ्याच आवाजात म्हणाला, "चांगली आहेस म्हणून सांगितलं."

"आणि?"

"आणि..." तो थांबला. "तुला आता कशाचं काही वाटत नाही, म्हणून."

पुढे काय विचारायचं मला सुचेना. पडदा ओढणारा माणूस दोरी धरून माझ्या वाक्याची वाट बघत होता, ते मला दिसत होतं. नाटक कुठेतरी संपवायला हवं होतं, आणि माझ्याजवळ ते एकच वाक्य शिल्लक होतं.

"अहो," मी म्हणाले, "जेवायला काय करू?"

एकही माणूस हसला नाही. पडदा पडला. मग टाळ्या आल्या, तुटक तुटक, आधी बाल्कनीतून, मग खालून. नेहमीपेक्षा कमी होत्या.

टाळ्या पुरत्या थांबायच्या आत पेठे माझ्यावर धावून आला. "काय चाललं होतं हे तुझं? माझा शेवटचा हशा खाल्लास तू!" बर्वे धापा टाकत आत आले. "ज्योत्स्नाताई, अहो लोक गंभीर चेहऱ्यानं बाहेर चाललेत! विनोदी नाटक आहे हे! उद्या सांगलीत असलं काही केलंत तर मुंबईला निर्मात्यांना काय सांगू मी?" काय सांगणार? एक बाई आली होती, तिनं एक प्रश्न विचारला?

आणि तेवढ्यात ती दोघं दारात आली. पुढे तो, मागे विमलबाई. मी मनाशी कुणी रंगेल गृहस्थ धरून बसले होते. हा तर ठेंगणा, साधा, फिकट सफारीतला माणूस. कपाळावर घाम.

"बाई, मी भूपाल मगदूम. हे नाटक दोनदा बघितलंय मी. असा शेवट नाही ह्याचा."

"साहेब, आज जरा तांत्रिक अडचण..." बर्वे मध्ये पडायला गेले.

"नाही, मला बाईंशी बोलायचंय. तुम्ही हसवायचं नाटक म्हणून लावता. माणूस चार घटका बरं वाटावं म्हणून येतो. बरोबर कुणाला तरी घेऊन येतो. आणि तुम्ही आयत्या वेळी असलं काहीतरी विचारत बसता?" त्याचा आवाज चढला होता, पण त्यात दम नव्हता. "कशाला विचारलंत ते?"

विमलबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"चला," त्या म्हणाल्या. "वाटेत बोलू."

"काय बोलायचंय वाटेत?"

"तुम्ही चला तर."

त्या निघाल्यासुद्धा. तो दारापर्यंत गेला, थांबला आणि वळून मला म्हणाला, "तुम्ही आता पुढच्या गावाला जाल, बाई. आम्हाला एकाच घरात जायचंय."

तो गेल्यावर मी चेहऱ्याला कोल्ड क्रीम लावून तशीच आरशासमोर बसून राहिले.

सांगलीच्या वाटेवर बसमध्ये पेठे माझ्या शेजारी येऊन बसला. त्याचा राग उतरला होता.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "दुपारी काय जेवलात, असं तू विचारलंस ना, तेव्हा मी आठवायला लागलो. इतके प्रयोग केले, पण माधवराव त्या दिवशी काय जेवला ते मला माहीतच नव्हतं. नाटककारानं लिहिलंच नाही."

"आणि ते शेवटचं? कशाचं काही वाटत नाही, ते कुठून सुचलं तुला?"

तो खिडकीतून उसाच्या शेतांकडे बघत राहिला.

"सुचलं कसलं? तेच सांगतात ना सगळे," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

सांगलीत मी वाक्य जसंच्या तसं म्हटलं. त्यानंतर कधीच शेवट बदलला नाही. पण मला आकडे मोजता येईनात. पेठेकडे बघितलं की तो निळा शर्ट मनात यायचा, आणि चार कधी होऊन गेले ते कळायचं नाही. हशा यायचा, पण उशिरा, बिचकत. एकदा दिग्दर्शक मागच्या रांगेत बसून बघून गेला. नंतर दोन महिन्यांनी माझ्या तारखा जुळत नाहीत असं ठरलं आणि ती भूमिका दुसऱ्या बाईंकडे गेली. त्या माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान होत्या आणि त्यांचा अंदाज अचूक होता. नाटक पुढे आणखी तीन वर्षं चाललं. मला वाईट वाटलं, पुष्कळ वाटलं. त्यानंतर मला मोठी भूमिका मिळाली नाही. आया आणि आत्याच केल्या.

मगदूम पतिपत्नींचं काय झालं असेल, हा विचार अधूनमधून यायचा. माझ्यामुळे त्या घराचं काही कमीजास्त तर झालं नसेल, असंही वाटायचं. पण पत्ता नव्हता, आणि असता तरी काय लिहिणार होते?

नऊ वर्षांनी जयसिंगपूरला एका महिला मंडळानं बक्षीस समारंभासाठी मला बोलावलं. समारंभ संपला, फराळाच्या बशा फिरायला लागल्या, आणि एक बाई शेजारी येऊन बसल्या. केस पांढरे झाले होते. तरी मी ओळखलं.

"विमलबाई?"

"ओळखलंत?" त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. "लेकीला इथंच दिलीय. कार्यक्रमपत्रिकेत तुमचं नाव बघितलं आणि आले."

थोडा वेळ नातवंडांचं बोलणं झालं. मग त्यांनीच विषय काढला.

"त्या दिवशी वाटेत मी गाडी बाजूला घ्यायला लावली. आणि विचारलं. तुम्ही विचारलंत तेच सगळं, त्याच क्रमानं. मला स्वतःचं काही सुचलंच नसतं."

"सांगितलं त्यांनी?"

"आधी नाही. मग सांगितलं." त्यांनी बशीतला चिवडा एका बाजूला सारला. "बाई, ती आलीच नव्हती. हे सकाळपासून नवा शर्ट घालून हॉटेलात बसून राहिले. दोन चहा मागवले, दोन्ही ह्यांनीच प्यायले. जेवलेसुद्धा नाहीत. संध्याकाळी परत फिरले. काही झालेलं नाही म्हणत होते ते खरंच होतं."

"मग बरं वाटलं असेल तुम्हाला."

"तसंच वाटलं होतं मला. काही घडलं नाही एवढं कळलं की सुटेन. पण नाही हो. दिवसभर कुणाची तरी वाट बघत बसलेला हा माणूस माझ्या डोळ्यांपुढं आला आणि मला रडूच आलं. त्याच्यासाठी आलं. आणि त्याच्यासाठी रडू येतंय म्हणून असा संताप झाला की काय सांगू. पाच महिने राग धरला होता मी, चांगला घट्ट. तोसुद्धा हातातून गेला. पुढं दोन वर्षं भांडलो आम्ही. आयुष्यात भांडलो नव्हतो तेवढं. मुलं म्हणायची, ह्या वयात हे काय?"

"माफ केलंत का शेवटी?" मी विचारलं. विचारून झाल्यावर वाटलं, आपण हे विचारायला नको होतं.

विमलबाईंनी विचार केला. "कुठल्या दिवशी केलं असं नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पण आता बोलतो आम्ही. पुष्कळ बोलतो."

तेवढ्यात भूपाल मगदूम हातात विमलबाईंची शाल घेऊन आले. वाळले होते, ऐकायचं यंत्र लावलं होतं. मला बघून ते जागीच थबकले. मग दोन्ही हात जोडून त्यांनी नमस्कार केला. त्या दिवशी मेकअपरूममध्ये त्यांनी मला जे सुनावलं होतं, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. आम्ही थोडे अवघडून हसलो.

"बाई, तुम्ही गेल्यावर परत बघितलं मी ते नाटक," ते म्हणाले. "हिला घेऊन गेलो होतो. नव्या बाई होत्या."

"छान करायच्या त्या. मीही ऐकलंय."

"फार छान. टाळ्या काय, हशा काय." त्यांनी शाल बायकोच्या खांद्यावर ठेवली. "तो पलंगावर पडला, त्या आल्या, उभ्या राहिल्या. मी आपला जीव मुठीत धरून बसलो. म्हटलं, आता विचारतील. आता विचारतील." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांनी काही विचारलंच नाही हो."